वरचा, खालचा

आचाओच्या धक्क्यावर कप्तानाच्या फळ्यावर
खडूनं दोनच शब्द : बंदर बंद.
जूनचा हा तिसरा आठवडा.
औषधांची खोकी माझ्या पायाशी,
प्रत्येकावर नाव,
आणि त्या नावांच्या नि माझ्या मध्ये
चार तासांचं पाणी, उभं ठाकलेलं.

भिंतीवरच्या वायुभारमापकाचा काटा खाली जातो.
हवेचा दाब उतरला की
बेटांवर माणसांचा चढतो,
असं माझ्या आधीची नर्स म्हणायची.
शास्त्र नाही त्यात.
दोन्हींना शब्द एकच, एवढंच.

संध्याकाळी सहाला रेडिओ.
लिंकाय बेटावर यंत्र एकच, तेही शाळेत,
पट्टा जाळ्याच्या दोऱ्यानं दोनदा शिवलेला.
मास्तर रोसामेल,
ज्यांना रक्ताच्या थेंबानं भोवळ येते,
एकेकाचा दंड बांधतात.

"एर्सिलिया चिग्वाय. वरचा एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचा शंभर."
बसल्या होत्या का पाच मिनिटं?
"छे, बटाट्याची पाटी घेऊन आत्ता चढ चढून आल्या."
बसवा. पाठ टेकू द्या, पाय जमिनीवर.
बोलू देऊ नका.
"ते कसं जमायचं?"
मग पाच मिनिटं नुसती खरखर,
खरखरीत एक स्टोव्ह, एक कुत्रा,
आणि न बोलण्याचे एर्सिलियाबाईंचे कष्ट.
एकशे बावन्न. चौऱ्याण्णव.

ही वाहिनी सगळ्यांची.
बोटीवाले ऐकतात, सामन माशांच्या पिंजऱ्यांवरचे राखणदार ऐकतात.
कोणाचा खालचा किती, हे आता
अख्ख्या द्वीपसमूहाला पाठ.
काल मध्येच कोणीतरी घुसलं :
"दोन्या एर्सिलिया, ती धुरावलेली बरगडी आता पुरे करा!"

हसू नये, पण हसले.
हिवाळ्यात तिकडे सगळं मिठात,
मासा मिठात, मांस मिठात, लोणीसुद्धा.
आणि रक्त तर खाल्ल्या मिठाला जागणारं,
इतकं इमानी
की शिरा ताणून पहाऱ्यावर उभं राहतं.
बरगडी रात्रभर पाण्यात ठेवा, मी सांगते,
ते पाणी फेका. पुन्हा ठेवा.

गोळ्या किती उरल्या?
"अकरा."
मास्तर मास्तरच : "अर्धी अर्धी केली तर बावीस दिवस."
हिशेब फळ्यावर बरोबर, मास्तर,
शिरेत चूक.
रोज पूर्ण एक. बाराव्या दिवसाचं मी बघते.
काय बघणार होते, कोण जाणे.

नवव्या दिवशी ओतिल्या आली रेडिओवर.
मार्चमध्ये तिचा नोल्बेर्तो गेला,
बोट ओढता ओढता, वाळूतच.
चहाच्या डब्यात त्याच्या गोळ्या सापडल्या होत्या.
वाचा, म्हटलं, पाकिटावर काय आहे.
तिनं अक्षर अक्षर लावलं :
लो. सार. तान. पन्नास.
मुदत? पुढच्या ऑगस्टची.
किती आहेत?
"सगळ्या," ती म्हणाली.
"बोट नाही आली तर असाव्यात, म्हणून राखून ठेवायचा तो."

ते पाकीट मीच दिलं होतं त्याच्या हातात.
आमची बोट त्या उन्हाळ्यात एकदाही चुकली नव्हती.
बटण दाबून मी गप्प राहिले,
आणि माझं गप्प राहणं
सगळ्या बोटींनी ऐकलं.

डॉक्टरांना विचारून आले. तेच औषध, तीच मात्रा.
एर्सिलियाबाईंना द्या.

दुसऱ्या दिवशी वारा आणखी माजला.
मास्तर म्हणाले, "आज एक नवा दंड आहे. ओतिल्या.
कधीच मोजला नव्हता म्हणते.
वरचा एकशे" आणि पुढे नुसता समुद्र.
पुन्हा सांगा, लिंकाय. पुन्हा.
खरखर.
मग कुठल्याशा पिंजऱ्यावरून एक अनोळखी,
तोंडात घास असलेला आवाज :
"मला ऐकू आलं, सेन्योरिता.
एकशे चव्वेचाळीस. ब्याण्णव.
बसली होती म्हणे, पाच मिनिटं."